शाईनं बांधलेली नागीण

मेईफेनताई आणि मी अर्धं आयुष्य समोरासमोर उभ्या राहून रेशमाच्या रजया ओढल्या. रेशीमकिड्याच्या कोशाची टोपीसारखी ताणून वाळवलेली जाळी दोघींनी चारी कोपऱ्यांना धरून ओढायची, की ती पलंगभर पसरते. मग दुसरी, मग तिसरी, थरावर थर. ताईच्या हाताला असला जोर की मी पुढे खेचली जायचे. वर तीच मला म्हणायची, "जेवली नाहीस का गं? बोटांत जीवच नाही तुझ्या!"

आता ती ओढत नाही. तिचा एक हात कायम सदऱ्यात अडकलेला असतो. बरगडीपाशी कापड चिमटीत धरून ती ते अंगापासून लांब ठेवते, आणि एका हातानं रजई ओढता येत नाही.

गेल्या वर्षी तुतीचा पाला तोडायच्या दिवसांत तिच्या उजव्या कुशीवर नागीण उठली. पाठीच्या कण्यापासून पोटाकडे लालबुंद पट्टा, त्यावर पाण्याचे फोड. नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस गेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचा नवरा बाओगेन तर पूर्ण तयारीचा माणूस. नववर्षाला अख्ख्या गल्लीच्या दारांवर लावायचे शुभेच्छांचे लाल कागद तोच लिहितो. घरात शाई, कुंचला, सगळं हजर.

"दवाखान्यात जाऊ या का?" ताईनं विचारलं होतं. मी तिथंच होते.

"दवाखाना कुठे पळून जातोय? आधी ह्या नागिणीचं तोंड बांधू दे."

त्यानं शाईची कांडी पाण्यात उगाळली. फोडांच्या भोवती काळी रेघ ओढली, तोंडाशी आणि शेपटीशी जाड ठिपका दिला. रोज सकाळी रेघ ताजी करायचा, आणि इतक्या हलक्या हातानं की माझ्या नवऱ्यानं कधी मला तसा हात लावला नसेल. फोड वाळले. ते एरवीही वाळतातच, पण बाओगेनची कॉलर ताठ झाली. चहाच्या दुकानात तो नागीण मारल्याची गोष्ट सांगायला लागला.

दुखणं मात्र राहिलं. कापड लागलं तरी चटका, वारा लागला तरी चटका. जन्मभर लोकांसाठी रजया केल्या, पण स्वतःच्या अंगावर चादर सहन होईना. आणि बाओगेन म्हणायचा, "नागीण मी मारली. मेलेली नागीण चावते का कुठे? कामाचा कंटाळा आलाय म्हण की सरळ!"

ताईला त्या चटक्यांपेक्षा हे जास्त लागायचं. मला तर त्याच्या डोक्यात शाईची दौत घालावीशी वाटायची.

शेवटी मीच तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर श्यू म्हणजे पोरगीच. तिनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ताईला गरगरायला लागलं, दुखणं जेमतेम हललं. मग एकदा डॉक्टर म्हणाली, "आजी, आम्ही एक अभ्यास करतोय. पाठीच्या मणक्यातलं थोडं पाणी काढून त्यातली प्रथिनं बघतो. तुमच्यासारख्यांची, आणि ज्यांना असं दुखत नाही त्यांचीही. यानं तुम्ही बऱ्या व्हाल असं मात्र मी म्हणणार नाही."

ताईनं एवढंच ऐकलं की दुखणं पाण्यात दिसतं. "म्हणजे दाखवता येईल? मग घे बाई, हवं तेवढं घे."

गुडघे पोटाशी घेऊन ती कुशीवर पडली. सुई आत गेली तेव्हा तिनं माझा हात इतका आवळला की मला आमच्या रजया आठवल्या.

काही महिन्यांनी आम्ही विचारायला गेलो. डॉक्टर म्हणाली, "दुखणाऱ्यांच्या पाण्यात काही प्रथिनं वाढलीयेत, काही कमी झालीयेत. तुमच्याही पाण्यात तसंच आहे."

"म्हणजे मी सोंग करत नाहीये?"

"मुळीच नाही, आजी."

ताई रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं, आता औषध?"

"अजून नाही. दिसलंय फक्त. त्या बदलांमुळे दुखतं की दुखण्यामुळे ते बदल होतात, हेही आम्हाला अजून कळलेलं नाही." पोरगी बिचारी टेबलाकडे बघत बोलत होती. "फोड आल्या आल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर कदाचित इतकं राहिलं नसतं. तेव्हा का नाही आलात?"

"घरी काम होतं," ताई म्हणाली.

बसमध्ये तिनं मला बजावलं, "घरी काही बोलायचं नाही."

"वेडी आहेस का? पुरावा मिळालाय तुला!"

"तो सांगितला की वेळेवर न घेतलेल्या गोळ्यांचंही सांगावं लागेल. म्हातारा खचेल गं."

दारातच बाओगेननं विचारलं, "काय निघालं पाण्यात?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"मी म्हणत नव्हतो?"

मी पाठ फिरवून तशीच घरी निघाले. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

महिनाभरानं टोफूवाला लिनशेंग सदरा वर धरूनच बाओगेनच्या अंगणात शिरला. कमरेवर ताजे फोड. "बाओगेनदादा, कालपासून आहे बघा. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात."

बाओगेन खुलला. शाई उगाळता उगाळता त्यानं ताईच्या नागिणीची गोष्ट पुन्हा सांगितली. ताई उंबऱ्यात उभी, सदरा चिमटीत. त्यानं कुंचला बुडवला.

"थांब," ताई म्हणाली. "लिनशेंग, सदरा खाली कर आणि बस पकड. शहरातल्या दवाखान्यात जा, आजच."

"अहो पण वहिनी, नागीण पुढे सरकली म्हणजे..."

"हीच शाई माझ्या अंगावर होती. गोळ्या घ्यायचे दिवस त्यातच गेले. माझ्या मणक्यातलं पाणी बदललंय, डॉक्टरनं सांगितलं. मी घरात खोटं बोलले."

मी लिनशेंगला अक्षरशः ढकलत बाहेर काढलं. परत आले तर बाओगेन तसाच उभा, कुंचल्यातली शाई त्याच्या चपलेवर गळतेय. त्यानं माझ्याकडे बघितलं. "खरं?"

वर्षभराचे टोमणे मी साठवून ठेवले होते. एकही आठवला नाही. "खरं," एवढंच म्हणाले.

तो ताईजवळ गेला. पाठीवर ठेवायला हात पुढे केला, तशी ती अंग चोरून मागे सरकली. हात मधेच राहिला. वर्षात पहिल्यांदाच त्यानं विचारलं, "कुठे दुखतं गं?"

"तू रेघ ओढली होतीस ना, तिच्या आत," ताई म्हणाली. "बाहेर कधी गेलं नाही."