होडीत बसवलेला बोंबल्या

“थांबा मास्तर, त्याला आदी जाऊ द्या.”

कुठलंही दार असो, शेजारची ती आठ-नऊ वर्षांची पोर ते हाताने धरून बाजूला उभी राहायची. मग तिचा कुत्रा ऐटीत आत शिरायचा, त्याच्यामागून ती, आणि शेवटी मी. वर्ग माझा, पण मान कुत्र्याचा! साठ सालानंतर लवकरच मी दांडी या कोळ्यांच्या गावच्या शाळेत बदलून आलो होतो. तापट म्हणून माझी ख्याती, पण या पोरीपुढे माझं काही चाललं नाही.

कुत्रा पांढुरका, लांबोडका, अंगात हाडं असून नसल्यासारखा. म्हणून नाव बोंबल्या. तिची आये बाजाराला गेली की वाळत घातलेल्या बोंबलांची राखण ही दोघं करायची. मासळीवर कुत्रा राखणीला, म्हणजे कमालच! पण त्याने कधी एका बोंबलाला तोंड लावलं नाही. बापाला मात्र हे लाड पसंत नव्हते. “हाड!” म्हणून तो बोंबल्याला लाथ घालायचा. पोर म्हणायची, “तो तुमचा राग धरत नाय, बाबा.”

पावसाळ्यात बोंबल्याला साप चावला. सुरूच्या बनात खड्डा मी खणला, माती तिने लोटली. ती रडली नाही. मला ते काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दारात तशीच उभी, दार धरून.

“अगं, आता कोण जायचंय?”

“जाऊ द्या ना, मास्तर.”

मी थांबलो. खोटं कशाला सांगू, माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. खाली बघतो तर धोतराची कड ओली. त्या दिवशी मी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. पाठ फिरवायची हिंमतच होईना.

पाऊस सरला, पुन्हा बोंबील वाळत पडले. शेजारणींच्या मासळीवर कावळ्यांची झुंबड उडे. हिच्याकडे एकही उतरत नसे. बायका बघत राहत.

मग ती सकाळ. बाप एकटाच होडी लोटत होता. दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तरी ती ओरडली, “बाबा, थांबा!”

आयेने तिच्या पाठीत धपाटा घातला. “मेले, बापाला मागसून हाक मारतेस?” बापाचा चेहरा खर्रकन उतरला.

पोर कमरेभर पाण्यात शिरली. दोन्ही हातांनी तिने काहीतरी उचललं, जड असावं तसं, आणि होडीत ठेवलं. “याला संगं न्या. पहाटधरनं दर्याकडे बघून रडतोय.” मग होडीत वाकून ती कुणाच्या तरी कानाशी पुटपुटली. होडी त्या अंगाला कलली. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही दिसलं असतं.

दुपारी वारा फिरला. होडी परत आली नाही. आयेने चूल पेटवली नाही, आणि पोर सुरूच्या बनाकडे पाठ करून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सातपाटी गावच्या माणसांनी बापाला जिवंत आणला. होडी फुटली होती. “कोन तरी माजी बंडी धरून वडत होतं,” एवढंच तो सांगायचा. बंडीच्या खांद्यावर दातांची भोकं होती. मी बोट घालून पाहिली.

त्यानंतर पोर सरळ वर्गात येऊन बसू लागली. मीच उंबऱ्याशी घुटमळायचो.

एका संध्याकाळी बाप पाण्याशी उभा राहून हाका मारत होता. लाथा घालणारा तो माणूस! “बोंबल्या, ये रे! ये रे बाबा!”

पोरीने त्याचा हात धरला. “नका हाका मारू, बाबा. तो येनार नाय. ‘दर्यात बाबांच्या जागी तू राहा,’ असं मीच त्याच्या कानात सांगितलं.”

बाप मटकन वाळूत बसला. कुत्र्याला पुरताना न रडलेली ती पोर तेव्हा ओक्साबोक्शी रडली. मी चार हातांवर होतो, पण मला जवळ जायचा धीर झाला नाही.