आमच्या जगाचा सर्व्हर

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला, तेव्हा त्याच्या गेमचा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. ठोकळे रचून जग उभारायचा तो गेम. आगरदांड्याच्या त्याच्या मित्रांनी त्यात आपल्या गावची जेट्टी बांधली होती, खाडीपलीकडे दिघी. होड्या, मासे, भरती-ओहोटी हे सगळं मॉड्समुळे, म्हणजे मूळ गेमवर लोकांनी घातलेल्या भरीमुळे आलं होतं. मित्र आता पुण्या-मुंबईला, कुणी बोटीवर. भेटायचे ते तिथेच.

सर्व्हर आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि सारखा बंद पडायचा. मी मुरूडला शाळेत गणित शिकवते. यातलं मला काहीच येत नव्हतं. व्हिडिओ बघत, चुकत चुकत मी तो कंटेनरमध्ये बसवला.

"कंटेनर? उरणच्या बंदरात असतात तसला?" बाबांनी विचारलं.

"तसाच समजा. गेमला लागतं ते सगळं एका डब्यात. डबा बिघडला तर फेकायचा, नवा करायचा. त्यांनी बांधलेलं जग मात्र डब्याबाहेर, वेगळं ठेवलंय."

"मंग बरा हाय," बाबा म्हणाले.

गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी सगळे एकदम खेळणार होते. त्याच सकाळी भावाने दुबईतूनच हौसेने सगळे मॉड्स अपडेट केले आणि सर्व्हर सुरूच होईना. त्याचा फोन आला.

"ताई, गेलं वाटतं सगळं. सोड, नवीन जग सुरू करू."

"इतक्या वर्षांचं बांधकाम सोडू? हात लावू नकोस आता कशाला."

मी बिघडलेला डबा काढून टाकला. नवा केला, बाहेर ठेवलेल्या जगाची प्रत त्याला जोडली आणि नवे मॉड्स एकेक करून चढवत गेले. प्रत्येक वेळी सुरू करायचं, बघायचं, पुढचा घ्यायचा. आईने मोदकांसाठी दोनदा हाक मारली. शेवटी सापडलं: होड्यांच्या नव्या मॉडचं भरतीच्या मॉडशी पटत नव्हतं. होड्यांचा जुनाच ठेवला.

दुपारी जेट्टी पुन्हा दिसली, होड्या लागलेल्या. बाबा खुर्ची ओढून बसले. एकेक जण आत येऊ लागला. भावाच्या दुबईतल्या मित्राने हिंदीत लिहिलं, "अ‍ॅडमिन भैया, कमाल कर दिया."

भावाने उत्तर टाकलं, "भैया नही, मेरी बडी बहन है."

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आईला बोलवायला गेले.

आता मॉड बदलायचा तर आधी मला विचारतात. मी तो दुसऱ्या डब्यात चालवून बघते, मगच हो म्हणते. कधी नाहीही म्हणते, आणि कुणी हुज्जत घालत नाही. शाळेत निकाल चांगला लागला की बरं वाटतंच. पण रविवारी सगळे मिळून जेट्टीवर गोंधळ घालत असतात आणि सर्व्हर शांत चालू असतो, तेव्हा जे वाटतं ते वेगळंच.