दो सुई, किस्सा खतम

गंगेकाठच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत कालिंदीचं जानवी-दर्भाचं दुकान आहे, पण लोक तिला ओळखतात ते कुत्र्यांमुळे. भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला प्राणिमित्र संस्थेची माणसं आली की कुत्री धरायची कालिंदीनंच. या कामात चावा कधी ना कधी बसणार, हे ओळखून तिनं सहा वर्षांपूर्वीच स्वतः लस घेऊन ठेवली होती. पुढे दोनदा कुत्रं चावलं. दोन्ही वेळा साबणानं जखम धुतली, एक सुई त्याच दिवशी, दुसरी तीन दिवसांनी, आणि बाई पुन्हा गल्लीत हजर.

"दो सुई, किस्सा खतम!" असं ती पानवाल्यापासून पंड्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. आधीच्या लसीचं मात्र सांगायची विसरायची. विसरायची कसली! ते सांगितलं असतं तर तोरा उतरला असता.

मागच्या सोमवारी वेदशाळेचे बिंदुमाधव गुरुजी गंगेवरून ओलेत्यानं परतत होते. एक अनोळखी कुत्रं पोटरीला कडकडून चावलं आणि पसार झालं, ते पुन्हा दिसलं नाही. कालिंदी साबण घेऊन धावली.

"अगं, सोवळ्यात आहे मी!"

"सोवळं उद्या पुन्हा नेसा. पाय पुढे करा."

पंधरा मिनिटं नळाखाली पाय धरून बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेत सिरम टोचलं आणि दंडात लस दिली. गुरुवारी पुन्हा लस झाली.

आज सोमवार, तिसऱ्या खेपेचा दिवस. कालिंदी गुरुजींच्या दारात येऊन बघते तर त्यांच्या पत्नी, मधुवंतीवहिनी, पिशवी भरत होत्या.

"निघालात कुठे?"

"विंध्याचलला. आठ दिवसांचं अनुष्ठान आहे," गुरुजी म्हणाले.

"आणि सुई?"

"झाल्या की दोन! तुझ्या दोनच झाल्या होत्या ना? तुझं शरीर काय लोखंडाचं आणि माझं तुपाचं?"

कालिंदीचा पारा चढला. जिभेवर आलेलं बोलून टाकणार, तोच तिला कळलं की हा माणूस तिचंच वाक्य तिला परत ऐकवतोय. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही. तिनं उंबऱ्यावर बैठक मारली.

"गुरुजी, विद्यार्थ्याला नवं सूक्त किती संथांनी येतं?"

"दहा तरी लागतात. का?"

"आणि आधी पाठ असलेलं, सहा वर्षांनी?"

"दोन आवृत्त्यांत जिभेवर येतं."

"माझं पाठ होतं. चावायच्या आधीच मी लस घेतली होती. म्हणून दोन पुरल्या. तुमचं शरीर आत्ता पहिल्यांदा शिकतंय. आजची घ्या, आणि शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. मधेच सोडलंत तर अर्धवट पाठांतर."

"ही डॉक्टरीण कधीपासून झाली?" गुरुजी वहिनींकडे बघून म्हणाले.

"माझ्या जखमेत कधी सिरम टोचलं? तुमच्या का टोचलं? शरीराची तयारी होईपर्यंत काहीतरी आधार हवा म्हणून. तो आधार फार दिवस पुरत नाही."

गुरुजींनी पोटरीवरून हात फिरवला. सिरमची कळ अजून आठवत होती.

"मग गल्लीभर दोन सुयांचा डंका का पिटलास?"

आता मात्र कालिंदीची मान खाली गेली. "शेखी मिरवायला. चुकलं माझं." हे शब्द तिच्या तोंडून वहिनींनी पहिल्यांदाच ऐकले असतील.

"गाडी संध्याकाळचीही आहे," वहिनी पिशवी बाजूला ठेवत म्हणाल्या. "आधी दवाखाना. अनुष्ठान आठ दिवसांचं आहे, शेवटच्या सुईच्या आधी परत याल."

गुरुजी पुटपुटत उठले.

त्यांना रिक्षात बसवून कालिंदी परतली, पण दुकानात गेली नाही. आधी पानवाल्यासमोर उभी राहिली.

"सुनो भइया, वो दो सुईवाली बात... अधूरी ही बताई थी।"

पानवाला पोट धरून हसला. तिनं दात आवळून ऐकून घेतलं, सगळं नीट समजावलं, आणि पुढच्या दुकानाकडे वळली. गल्लीत अजून बावीस दुकानं बाकी होती.