गुंडू खोतची गवतगाडी

५ डिसेंबर २०२४, गुरुवार. गवत कापायच्या गाडीची नवीन बॅटरी, रुपये तीन हजार सहाशे पन्नास. फुटबॉल मंडळाचे खजिनदार अण्णासो मगदूम यांनी ही रक्कम रोख दिली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि दुकानाच्या पायरीवरच गुंडू खोतला सुनावलं, "हे शेवटचं. आता गाडी बंद पडली तर मैदानाचं काम कंत्राटदाराला. मग माझ्याकडं येऊन गळा काढायचा न्हाय."

"न्हाय पडत की अण्णा," गुंडू म्हणाला. बॅटरी त्याने तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी त्याने गाडीची किल्ली फिरवली, तर सीटखालून नुसता 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्'.

मंडळाचं फुटबॉलचं मैदान शिरोली नाक्याच्या अलीकडे आहे. रविवारी दुपारी हंगामातला पहिला सामना होता. अर्ध्या मैदानावरचं गवत कापून झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात ते घोट्याच्या वर आलेलं. त्यातच अण्णासोंनी कंत्राटदाराच्या माणसाला शनिवारीच दुपारी मैदान बघायला बोलावलेलं होतं. नुसतं बघून जाऊ दे, म्हणाले होते. पण तो मोजायची टेप घेऊन येणार होता, आणि नुसतं बघायला कुणी टेप आणत नाही, एवढं गुंडूला कळत होतं.

गुंडू मूळचा मलकापूरकडचा. विशीच्या आत कोल्हापुरात आला आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला. तिथे बावीस वर्षं काढली. एके दिवशी लोखंडाचा रस ओतताना साचा फुटला आणि उजव्या पायाची तीन बोटं गेली. त्यानंतर उभ्याचं काम होईना. मंडळाने त्याला मैदानावर घेतलं ते पाणी मारायला आणि गवत कापायला. पण ढकलायच्या मशीनमागे दोन फेऱ्या झाल्या की त्याचा पाय भोपळ्यासारखा सुजायचा. पाच वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या हॉटेलची बसून चालवायची गवत कापायची गाडी मंडळाला स्वस्तात मिळाली आणि गुंडूला सीट मिळाली. त्या सीटवर बसलं की पाय धड आहे की अधू, याने काही फरक पडत नव्हता. पोरं सरावाला यायची ती लांबूनच ओरडायची, "मामा, गियर टाका!" आणि तो हात वर करायचा. तिथून उतरवलं तर पंचावन्नाव्या वर्षी त्याला कोण कामावर घेणार होतं?

त्याने बॅटरीच्या तारा घट्ट केल्या. टोकांवर गरम पाणी ओतून पुसून घेतलं. 'टक्'. शेवटी दुधाचा टेंपो गेटपाशी थांबवून, ड्रायव्हरच्या हातापाया पडून, टेंपोच्या बॅटरीवरून तारा जोडून गाडी चालू केली. इंजीन धडधडलं. गुंडूच्या जिवात जीव आला. दोन पट्टे कापले, तिसऱ्याला मैदानाच्या मधोमध आला आणि खालची पाती आपोआप थांबली. इंजीन चालूच होतं, पण बटण कितीही ओढलं तरी पाती फिरेनात. मग त्याने चूक केली. सवयीने इंजीन बंद केलं, आणि ते पुन्हा चालू झालं नाही.

आता गाडी अशा जागी उभी होती की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी.

त्याने विश्वजितला फोन लावला. विश्वजित एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सेल्फ-स्टार्टर आणि डायनॅमो दुरुस्त करायचा. "मामा, माझ्याकडं चार गाड्या उघड्या हायत. सांच्याला येतो."

"सांच्याला माझी तिरडी बांधायला ये," गुंडू म्हणाला.

विश्वजित बारा वाजून गेल्यावर आला. त्याने मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला लावल्या आणि तोंडाने चक् केलं. "पार बसलीय."

"नवी हाय रे. आठवड्याची."

"नवी असली म्हणून काय, घातल्याबिगर कुठनं देईल? तुमची गाडी बॅटरी खातीया, भरत न्हाय." त्याने स्वतःची बॅटरी जोडून इंजीन चालू केलं, वेग वाढवायला लावला आणि मीटर गुंडूसमोर धरला. "हितं चौदाच्या आसपास दिसाय पायजे. बघा, बारा. आता पाती लावा." गुंडूने बटण ओढलं. आकडा बाराच्याही खाली उतरू लागला. पाती इंजिनाला धरून ठेवायलाच वीज लागते, ती सगळी बॅटरीतून चालली होती.

विश्वजितने इंजिनातून येणाऱ्या दोन पिवळ्या तारा सोडवून तपासल्या. तिथे वीज भरपूर येत होती. म्हणजे तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मध्ये होता फक्त रेग्युलेटर, तळहाताएवढा पत्र्याचा डबा.

"ह्यो गेला असंल," विश्वजित म्हणाला. "पुण्यासनं मागवाय लागंल. आठ दिवस."

गुंडू गवतातच बसला. गेटबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की त्याची मान आपोआप वळत होती.

"थांबा की. अजून मयत झालं न्हाय, रडाय लागला." विश्वजितने तारेचा एक तुकडा घेतला. एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला खरवडून टेकवलं, दुसरं बॅटरीच्या उण्या टोकाला. मीटरवरचा आकडा सरसर चढला आणि चौदावर जाऊन थांबला. तार काढली, आकडा पडला. पुन्हा लावली, पुन्हा चढला.

"डबा चांगला हाय! ह्याला अर्थिंग मिळंना. ह्यो आपल्या अंगातनंच इंजिनाला लागून असतोय." त्याने इंजीन बंद करून रेग्युलेटरचे दोन बोल्ट खोलले आणि डबा उलटा केला. मागची बाजू हिरवीगार, चकचकीत. ज्या पत्र्यावर तो बसत होता तोही हिरवा. शिवाय बोल्टांच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे गोल कापलेले वायसर.

विश्वजित मोठ्याने हसला. "कुणी केलंय ओ हे? रंग मात्र झकास दिलाय!"

गुंडू हसला नाही. फौंड्रीत दरवर्षी खंडेनवमीला मशीन खोलून धुवायची, रंगवायची आणि मग झेंडू वाहायचा, ही रीत त्याच्या अंगात मुरलेली होती. फक्त वरून रंग फासणारा कामगार तिथे आळशी ठरायचा. ऑक्टोबरात त्याने गाडीचा सुटा होईल तो प्रत्येक भाग काढून, मागून-पुढून रंगवला होता. डबा थरथरू नये म्हणून ट्यूबही त्यानेच कापली होती. जुनी बॅटरी म्हातारी होऊन गेली असं सगळे समजले होते. ती त्याने मारली होती.

"म्याच," तो म्हणाला.

विश्वजित पॉलिश पेपरने रंग घासत असतानाच गेट वाजलं. अण्णासो आत आले. मागे कंत्राटदाराचा माणूस, काखेत टेप.

"काय रे? आडवी झाली न्हवं?" अण्णासो लांबूनच ओरडले.

"झालं अण्णा, चालू होतीया," विश्वजित पटकन म्हणाला. "वायर लूज होती एक."

कंत्राटदाराचा माणूस गाडीभोवती फिरला. "जुनी गाडी म्हटल्यावर आज ही वायर, उद्या ती. उद्या हाफटायमाला मैदानातच बसली तर लोक दगडं मारतील की."

अण्णासोंनी गुंडूकडे पाहिलं. "सांग. पुन्हा बंद पडंल का?"

विश्वजितने डोळ्याने खुणावलं. वायर लूज होती असं म्हटलं, तर ती पुन्हाही लूज होईल; त्या माणसाचं बरोबर होतं. ती पुन्हा बंद पडणार नाही असं छातीठोक सांगायचं, तर कशाने पडली होती ते सांगणं भाग होतं.

"वायर न्हवती अण्णा. खंडेनवमीला म्या रंग दिलता, ह्याच्या पाठीला. त्यानं चार्जिंग तुटलं. दोन म्हैनं बॅटरी नुसती खर्चतच होती. आता रंग काढला. पुन्हा न्हाय पडायची."

अण्णासोंचा चेहरा लाल झाला. "म्हंजे म्या दुकानात उभा राहून पैसं मोजलं, त्ये तुझ्या रंगापायी? लेका, रंगवायला तुला घर न्हवतं?"

"चुकलं."

"चुकलं म्हणतोय!" ते विश्वजितकडे वळले. "तू दाव. त्याच्या तोंडावर माझा इस्वास न्हाय."

रेग्युलेटर उघड्या पत्र्यावर घट्ट बसला. इंजीन चालू झालं. पाती लागली. मीटरवर चौदाला थोडं कमी. अण्णासोंनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि तसेच उभे राहिले. आकडा हलला नाही. विश्वजितने आपली बॅटरी काढून घेतली, तरीही हलला नाही. कंत्राटदाराचा माणूस टेप उलगडायला लागला, तसं अण्णासो म्हणाले, "पावणं, राहू द्या ते. नाक्यावर चहा घेऊ, चला."

जाताना ते गाडीपाशी थांबले. "कशी भरायची ही बॅटरी?"

"चालवंल तशी भरंल, अण्णा."

"मग चालव की! माझ्या तोंडाकडं काय बघतोस?"

अंधार पडायच्या आत शेवटचा पट्टा झाला. रविवारचा सामना वेळेवर सुरू झाला. सोमवारी अण्णासोंनी मैदानावरच्या खोलीतला हिरव्या ऑईलपेंटचा डबा आपल्या स्कूटरवर टाकून घरी नेला आणि कंत्राटाचा विषय पुन्हा काढला नाही.

विश्वजितचे चारशे रुपये झाले होते. ते मंडळाकडे मागायचं तोंड नव्हतं म्हणून गुंडूने स्वतःच्या खिशातून तीनशे दिले. शंभर द्यायचे राहिले आहेत.