केवळाबाईच्या चाकाचे छत्तीस स्पोक

मुदखेडात सायकलचं चाक बांधावं तर आनंदराजनं, असं लोक म्हणायचे. गडी टेप हातात धरायचा न्हाई. जुना स्पोक बोटावर तोलायचा, रिमकडं बघायचा अन् सांगायचा, "एवढाच लागतोय." तेवढाच लागायचा. चाळीस वर्षं लागला, म्हणून गड्याला जरा ताठाच चढला होता. खोटं कशाला बोला!

केवळाबाईच्या तीनचाकीचं मागचं चाक मोडलं ते नेमकं सोमवार तोंडावर आलेला असताना. पोलिओनं तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. हातानं पॅडल फिरवत ती गावभर जायची. सोमवारपासून शाळेत मुलींना शिवण शिकवायचं काम तिला मिळालं होतं. पहिल्या दिवशी न्हाई आली तर दुसरी बाई बघू, असं हेडमास्तर तोंडावर बोलले होते. त्यांना बोलायला काय जातंय?

आनंदराजनं नांदेडहून नवी रिम आणली अन् जुन्या स्पोकच्या मापाचे छत्तीस स्पोक. शनिवारी चाक विणलं, स्पोक ताणणारे आट्यांचे निपल आवळले, तर स्पोकची टोकं रिमच्या वर आली. रिम बाहेरून जुनीएवढीच होती, पण आतला घेर कमी. जुनं माप तिला बसणार कसं?

टोकं कानशीनं घासावी अन् ट्यूबला टोचू नये म्हणून वर रबरी पट्टी चढवावी, असं त्याच्या मनात आलं. शेवटी माणूसच तो. पण आटे संपलेले, निपल पुढं आवळतच नव्हते. ढिलं चाक चार दिवस चाललं असतं, पाचव्या दिवशी रेल्वे गेटच्या चढावर बसलं असतं. मग ती बाई उतरणार कशी? त्यानं कानस ठेवली, चाक उचललं अन् तिचं घर गाठलं.

"केवळा, माप चुकलं. माझंच चुकलं."

केवळाबाई गळ्यातली टेप काढून म्हणाली, "द्या इकडं, काका."

चाक मांडीवर घेऊन वर आलेलं टोक तिनं चार ठिकाणी मोजलं.

"एका जागी मोजलं की झालं की," आनंदराज पुटपुटला.

"डावी बाही बसली म्हणून उजवी बसतीच व्हय?"

तीन ठिकाणी चार मिलिमीटर भरलं, चौथ्या ठिकाणी पाच. "पाच कमी घ्या. जरा आत राहिलं तर चालंल, टोचाय नको." आनंदराजला लाज वाटली, अन् त्याहून जास्त हायसं वाटलं. चाळीस वर्षांत त्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं तो नांदेडला गेला. दुकान बंद होतं, तर दुकानदाराच्या घरी जाऊन बसला अन् स्पोक घेऊनच उठला. दिवस मावळायच्या आत चाक बांधून फिरवून बघितलं अन् त्याचा आउट, म्हणजे डुलणं, काढला.

सोमवारी केवळाबाई निघाली. आनंदराज आपली सायकल घेऊन मागं, बराच लांबून, नजर त्या चाकावर. गेटचा चढ आला तेव्हा तोच पॅडल मारायचा थांबला. चाक तसूभर डुललं न्हाई.

शाळेच्या फाटकाशी ती थांबली, मागं न बघताच म्हणाली, "जावा आता घरी, काका. घरापासून ऐकून राहिले तुमच्या चेनची कुरकुर. तिला तेल घाला की कधी."

एवढं बोलून ती आत गेली. घंटा व्हायला अजून वेळ होता.