धावपट्टीकडेची टिटवी

निधीला पक्ष्यांचं वेड लहानपणापासूनचं. नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं आणि नोकरी मिळाली ती बंगळूरच्या विमानतळावर, पक्षी हाकलायची.

"एवढं शिकून हेच का गं?" आईने फोनवर विचारलं.

"इंजिनात घार शिरली तर घारही जाते आणि विमानही धोक्यात येतं, आई. कोणीतरी हाकलायलाच हवं."

काही वर्षं तिने ते निमूटपणे केलं. नागराज जीप चालवायचा, ती बाजूला बसून गवतावर नजर ठेवायची. घारी उतरल्या की भोंगा, नाही ऐकलं तर फटाका.

एका मार्चमध्ये धावपट्टीच्या कडेला, खडीत, टिटवीने चार अंडी घातली. घरटं दिसलं की लगेच कळवायचं, असा नियम.

"मॅडम, ऑफिसला सांगू या," नागराज हिंदीत म्हणाला.

"थोडे दिवस राहू दे. पिल्लं निघाली की आपणच बाहेर नेऊ."

तिसऱ्या दिवशी विमान उतरत असताना टिटव्यांची जोडी किंचाळत वर उठली आणि विमानाच्या पंखाखालून निसटली. झालं काहीच नाही. पण वैमानिकाने तक्रार केली. नागराज तिच्याकडे न बघता गाडी चालवत राहिला.

निधी सरळ साहेबांकडे गेली. घरटं आपल्याला आधीच ठाऊक होतं, हेही तिने सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली. वनखात्याची परवानगी आल्यावर अंडी उचलायला ती स्वतःच गेली. दोन्ही पक्षी तिच्या डोक्यावर झेपावत होते.

"भोंगा वाजवू?" नागराजने जीपमधून विचारलं.

"नको. एवढं होऊ दे."

कापूस घातलेल्या खोक्यातून अंडी प्राणी-बचाव केंद्रात गेली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टिटवी रिकाम्या खडीवर तशीच बसलेली. निधीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि भोंग्याचं बटण दाबलं. पक्षी उडाला, गोल फिरून परत तिथेच उतरला. तिने पुन्हा दाबलं. आठवडाभर हेच चाललं, मग जोडी दिसेनाशी झाली.

केंद्रातून कळलं की दोन पिल्लं जगली. सर्जापूरकडच्या एका तळ्याकाठी त्यांना सोडलं. निधीला बोलावणं होतं. त्या दिवशी तिची ड्यूटी होती, ती गेली नाही.

"बेजार आय्ता, मॅडम? वाईट वाटलं?" जीप वळवताना नागराजने आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत विचारलं.

"स्वल्प," थोडंसं, असं तीही कन्नडमध्येच म्हणाली, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. गवतावर बगळे उतरत होते.