वाळूत पुरलेली माणकीची अंडी

मुलांनो, गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत एका पाणबुड्यासमोर काचेसारखा भलामोठा गोळा तरंगत होता. ‘आजी, मोरजीला असं मिळतं का?’ असं विचारलं होतंत. मिळालं. आणि आम्ही ते मारलं. हे लिहितानाही माझा राग उतरलेला नाही.

मंगळवारी सकाळी मासळी आणायला किनाऱ्यावर गेले, तेव्हा रापण, ते किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, नुकतीच ओढून झाली होती. बांगड्यांबरोबर जाळ्यात लोडासारखं, माणसाच्या लांबीचं काहीतरी आलं होतं. पारदर्शक, थलथलीत, आत गुलाबी ठिपक्यांच्या ओळी. शेजारचा शॅकवाला म्हणत होता, “ही घाण उचला, माझ्या गिऱ्हाइकांना किळस येते.” त्याच्या फळ्यावरचा पहिला पदार्थ म्हणजे लसणीत परतलेली माणकी, तुमचं स्क्विड. दोन पर्यटक त्या लोडात चपलेचं टोक खुपसून फोटो काढत होते.

“पाय काढा,” मी इंग्रजीत म्हणाले. त्यांनी काढले.

रापणीचा म्होरक्या माझा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा. त्याला सांगितलं, “ही माणकीची अंडी आहेत. जिवंत आहेत. नीट सांभाळ.”

“बाई सांगतत म्हणजे झालां,” तो म्हणाला.

मी फोन आणायला घरी गेले. तुमचा व्हिडिओ दाखवून त्या शॅकवाल्याला गप्प करायची मला घाई झाली होती.

परतले तर लोड गायब. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्याची जाळी आहे. तिच्या शेजारी एक खड्डा नुकताच बुजवलेला, भोवती चार खुंट, त्यांना जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला.

“कासवांच्या बाजूक पुरली, बाई. आता कुत्रे उकरूचे नाय.”

मोरजीत लहान पोरालाही ठाऊक आहे, अंडी वाळूत असतात.

आम्ही हातांनी उकरलं. नुसता लगदा, वाळूत कालवलेला. कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडला, तर दगडासारखा बुडाला.

“पाण्यात ठेवायची असतात ही. एवढीही अक्कल नाही तुला?” मी सगळ्यांदेखत ओरडले. तो मान खाली घालून उभा राहिला, तिसरीच्या वर्गात राहायचा तसा. मग हळूच म्हणाला, “मगे ह्यां आधी कित्याक नाय सांगलां?”

शॅकवाला हसला. त्या हसण्याचा राग आहे, त्या चपलेचाही आहे. पण सांगायचे शब्द दोनच होते, पाण्यात सोड. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला ते सुचले नाहीत, कारण तिला पुरावा दाखवायचा होता.

काल एक कुटुंब त्या रिकाम्या खड्ड्याचे फोटो काढत होतं. कासवाची पिल्लं कधी निघतील, असं मलाच विचारलं. मी खुंट उपटले, जाळ्याचा तुकडा गुंडाळला आणि रापणीवर गेले. म्होरक्या जाळं सांधत बसला होता.

“चूक माझी होती,” मी म्हटलं.

“होय,” तो म्हणाला, आणि तुकडा घेतला.